दीड किलो थंडावा

आमच्या पोळीभाजी केंद्रात पंखा आहे, पण पहाटे साडेपाच ते साडेअकरा तो बंद असतो. लावला की शेगडीची ज्योत एका अंगाला कलते, तवा निम्माच तापतो आणि डब्यात उतरवलेल्या पोळ्या वाऱ्याने वातड होतात. गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं. वातड पोळी मुकाट्याने खाणाऱ्यातलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन "कालच्या पोळ्या परवाच्या होत्या का?" एवढंच विचारतं आणि उत्तराला थांबतसुद्धा नाही.

तीन तवे, मी धरून तीन बायका, रोजच्या सव्वाचारशे घडीच्या पोळ्या. जागा म्हणजे जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची दहा बाय चौदाची खोली, एक खिडकी, एक एक्झॉस्ट. एप्रिलमध्ये पेपरात "शिवाजीनगर 40, लोहगाव 41" असं छापून येतं. सिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याचा, तो आकडा सावलीतला आणि भर दुपारचा. आमच्याकडे तव्यापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला मी थर्मामीटर टांगला तर सकाळी नऊलाच 42. त्यात माझं वय 53, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. दिवसातून चार-पाचदा कानामागून वाफ उठते, मानेवरून छातीवर उतरते आणि पाच मिनिटांनी जाते. मार्चमध्ये त्या पाच मिनिटांत तव्यावरची पोळी मी चक्क विसरले. कोळसा झाला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. दोघी काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

मग या उन्हाळ्यात थंडाव्याच्या दोन वस्तू घेतल्या. एक टीशर्ट आणि एक जाकीट. दोन्हींच्या खोक्यावर तोच शब्द: फेज चेंज मटेरियल. टीशर्टचे पैसे बुडाले, जाकिटाचे बरेचसे वसूल झाले. कंपन्यांची नावं लिहीत नाही. तसला माल आता दहा नावांनी मिळतो, आणि मला सांगायचंय ते मालाबद्दल.

टीशर्टच्या जाहिरातीत अंतराळवीर होता. 1,899 रुपये. रात्री अकरा वाजता घाम पुसत फोन हातात घेतला की माणूस काय काय मागवतो!

फेज चेंज म्हणजे काय ते पुण्यातल्या प्रत्येक न्हाणीघराला ठाऊक आहे. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली थिजते. पारा साधारण 24 अंशांच्या खाली गेला की तेल घट्ट, वर आला की पातळ. सकाळी घाईच्या वेळी ती बाटली आपण गरम पाण्याच्या तांब्यात उभी करतो. तेल लगेच पातळ होत नाही. अर्धं घट्ट, अर्धं पातळ असं बराच वेळ लोळत राहतं, आणि तोवर तांब्यातलं पाणी कोमट होऊन जातं. पाण्याची ऊब गेली कुठे? ती तेल तापवण्यात गेली नाही, वितळवण्यात गेली. दहावीच्या पुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. मी स. प. कॉलेजची बी.एस्सी., केमिस्ट्री, 1993. तवा नंतर आला.

आता त्या बाटलीच्या जागी अंगाला लागून काहीतरी ठेवा, जे 21 किंवा 28 अंशांना वितळतं. आपली कातडी 33-34 अंशांवर असते. तो पदार्थ वितळत असेतो अंगातली उष्णता ओढत राहणार आणि स्वतः मात्र 21 चा 21 किंवा 28 चा 28 च राहणार. सगळा वितळून झाला की खेळ संपला. पुन्हा थिजवल्याशिवाय काही नाही. ना वीज, ना पंखा.

टीशर्टात हा पदार्थ मेणाचा असतो. बहुधा ऑक्टाडेकेन, 18 कार्बनांची सरळ साखळी, 28 अंशांना वितळणारी. साखळीत दोन कार्बन कमी केले तर 18 अंशांना वितळतं, दोन वाढवले तर 36-37 ला. म्हणजे हवा तो आकडा निवडता येतो. हे मेण केसाहून बारीक प्लॅस्टिकच्या कुप्यांत भरतात आणि त्या कुप्या कापडावर लेपतात किंवा धाग्यातच घालतात. जाहिरातीतला अंतराळवीर अगदीच खोटा नव्हता. 1980 च्या दशकात नासाच्या पैशावर अमेरिकेतल्या ट्रँगल रिसर्च नावाच्या कंपनीने अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी या कुप्यांचं काम केलं, आणि पुढे कोलोरॅडोतल्या आउटलास्टने ते कपड्यांत आणि अंथरुणांत आणलं. माझा टीशर्ट त्यांचा नव्हता, पण कल्पना तीच. फक्त हातमोजा कशासाठी होता ते बघा: उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाताना बसणारा झटका बोथट करायला. सहा तास तव्यापुढे उभं राहायला नव्हे.

माझा भाचा इचलकरंजीला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग करतो. सुट्टीत आला होता. टीशर्ट हातात घेऊन म्हणाला, "मावशी, आधी याचं वजन कर."

कणकेच्या काट्यावर ठेवला. 180 ग्रॅम.

"असल्या कापडात ग्रॅममागे 5 ते 15 जूल मावतात. आपण 10 धरू. झाले 1,800 जूल. बर्फ वितळताना ग्रॅमला 334 जूल घेतो. कर भागाकार."

साडेपाच ग्रॅम बर्फ आला. मी फ्रीजरच्या ट्रेमधला एक खडा काट्यावर टाकला, तो 17 ग्रॅम भरला. म्हणजे 1,899 रुपयांत मी सरबतातल्या एका खड्याचा तिसरा हिस्सा विकत घेतला होता, तोही अंगभर पसरलेला. बसल्या जागी माणसाचं शरीर 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकतं, पोळ्या लाटताना त्याच्या दीडपट-दुप्पट. 1,800 जूल म्हणजे त्या दिव्याची अठरा सेकंदं.

याहून मोठी गंमत पुढेच होती. मे महिन्यात माझ्या कपाटात 33-34 अंश असतात. मेण वितळतं 28 ला. म्हणजे टीशर्ट मी अंगात घालायच्या आधीच आतलं मेण पातळ होऊन बसलेलं! खोबरेल तेलाची बाटली मे महिन्यात थिजवायची तर फ्रीज लागतो, तसंच. म्हणून तो टीशर्ट पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. सकाळी घातला. दोन मिनिटं खरंच छान वाटलं, आणि पुढचे साडेपाच तास कोथिंबिरीचा वास येणारा एक जाडसर टीशर्ट अंगात होता. आतल्या लेपामुळे घामही नीट टिपत नव्हता. एसी गाडीतून उतरून एसी ऑफिसात शिरणाऱ्याला मधल्या पार्किंगपुरता त्याचा उपयोग होईल, नाही म्हणत नाही. आता त्याचं फडकं केलंय. ओटासुद्धा धड पुसत नाही.

"थंडावा पाहिजे असेल तर ओझं उचलायला लागेल," भाचा म्हणाला. जाकीट त्याच्या या वाक्यामुळे घेतलं.

भोसरीत सेफ्टीच्या सामानाचं एक दुकान आहे. हेल्मेटं, गमबूट, वेल्डरचे हातमोजे. जाकिटाला बाह्या नाहीत, पुढे दोन खिसे, पाठीला दोन, खांद्यावर आणि बगलेखाली वेल्क्रोचे पट्टे. खिशांत चार चपटी पाकिटं, प्रत्येकी 400 ग्रॅम, चॉकलेटच्या वडीसारखे चौकोन पाडलेली. सगळं मिळून दोन किलोंच्या वर. 7,200 रुपये.

मी विचारलं, "आत काय आहे?"

"जेल आहे मॅडम, कूलिंग जेल."

"मेण आहे का मीठ?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी उकडीच्या मोदकात काय असतं विचारतेय. पण प्रश्न फालतू नव्हता. पाकिटात पॅराफिन असेल तर ते पेटतं, आणि मी 19 किलोच्या सिलिंडरवर चालणाऱ्या शेगडीपुढे ते छातीला बांधून उभी राहणार. पाकीट फुटलं तर? दुसऱ्या जातीत पाणी धरून ठेवलेली मिठं असतात, ती पेटत नाहीत. स्वयंपाकघरासाठी घेत असाल तर ही एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे काढू नका. अर्ध्या तासाने गोदामातून एक कागद सापडला. मीठच होतं, वितळण्याचा अंक 21. मग घेतलं. जाकिटाचं कापड मात्र पॉलिस्टरचं, ज्योतीपाशी आकसणारं. त्यावर सुती काहीतरी घालायचं हे तिथेच ठरवलं.

पहिल्या दिवशीचा अनुभव असा. सहाला घातलं. पाच मिनिटं पाठीवर कुणीतरी माठ टेकवल्यासारखं. मग ते गार आहे हे जाणवेनासं होतं आणि फक्त एवढं कळतं की एरवी सातला ब्लाऊज भिजलेला असतो, तो आज कोरडा आहे. सात वाजता पुढच्या पाकिटांना हात लावला तर दोन्ही पातळ, लिबलिबीत. पाठीची दोन अजून कडक. ती साडेसातपर्यंत टिकली.

पुढची लवकर का संपतात ते लक्षात यायला मला दोन दिवस लागले. पाकिटाला बाजू दोन. आतल्या बाजूने ते माझी उष्णता पितं, बाहेरच्या बाजूने तव्याची. मी तव्यालाही थंड करत होते, आणि तो काही थंड व्हायचा नाही. पाकिटाच्या बाहेरच्या अंगाला उष्णता अडवणारा जाड थर हवा. खरं तर तो कंपनीनेच द्यायला हवा. घरात आईच्या हातची एक गोधडी होती, सात-आठ जुन्या लुगड्यांची, एका कोपऱ्यात उसवलेली. तो कोपरा कापला, आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून त्याचा छातीएवढा चौकोन शिवून घेतला आणि जाकिटाच्या पुढच्या अंगावर टाचला. पुढची पाकिटं तासाभरात संपायची, ती एक तास वीस मिनिटं चालायला लागली. ज्योतीपुढे पॉलिस्टर होतं तिथे सुतीही आलं. दिसायला ध्यान दिसतं. गिऱ्हाइकाला पोळी हवी असते, मला बघायला कोण येतंय?

आता जाकिटाचा हिशेब, त्याच काट्यावर. चार पाकिटं, 1,600 ग्रॅम. कागदावर किलोला सुमारे 180 किलोजूल लिहिलं होतं. म्हणजे 288 किलोजूल, पाऊण किलोहून थोडा जास्त बर्फ. दीड तासावर वाटला तर सरासरी 50 वॅट. लाटताना अंगातून निघणाऱ्या उष्णतेचा तिसरा-चौथा हिस्सा, तव्याने खाल्लेलं वेगळं. एवढाच. पण उरलेलं घामाला झेपतं आणि डोकं जाग्यावर राहतं. वाफ उठायची थांबत नाही, तेवढं खरं. ती मानेवर येतेच, छातीपाशी मात्र अडते. मानेला मी ओला पंचाच गुंडाळते.

हे वाचून कुणी म्हणेल, मग सरळ बर्फच बांधा. आमच्या काकूंनी पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं. काकू 61 वर्षांच्या, केंद्रात माझ्याइतकीच वर्षं. म्हटलं, करून बघू. दुधाच्या पिशव्यांत पाणी भरून, गोठवून त्याच खिशांत घातल्या. दहा मिनिटांत पाठ दुखायला लागली, कातडी बधिर, आणि पिशवीवर हवेतलं पाणी जमून परकर ओला. शून्य अंश अंगाला लागले की कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. वर गारठा, आत काहिली. 21 ला तसं होत नाही. दुकानात 28 चीही पाकिटं होती. ती जास्त वेळ टिकतात, कारण कातडी आणि पाकीट यांत फरक पाच-सहा अंशांचाच, उष्णता सावकाश वाहते. तेवढ्यावर आमच्या खोलीत भागेल का अशी शंका आली म्हणून घेतली नाहीत.

काकूंनी जाकीट तीन दिवस घातलं आणि चौथ्या दिवशी खुंटीला अडकवलं. "ताई, पाठीला गार आणि खांद्याला भार." त्यांची मान आधीच धरलेली असते. त्यांचं बरोबर आहे. दोन किलो हा दोन किलोच असतो, आणि लाटताना आपण पुढे वाकलेले असतो. पट्टा कमरेशी घट्ट आवळला तर निम्मं वजन कंबर घेते, हे माहितीपत्रकात नाही, माझं मी शोधलं. आमच्या तिघींतल्या धाकटीला मात्र जाकीट इतकं मानवलं की तिची-माझी पाळी लावावी लागली, एक दिवस आड.

खरी कटकट थिजवण्याची. साडेसातला पाकिटं संपली, पोळ्या अजून अडीचशे बाकी. फ्रीजमध्ये टाकली तर चार तास लागतात, कारण फ्रीजमधली हवा उष्णता फार सावकाश नेते. फ्रीजरमध्ये लवकर होतं, पण तिथून थेट काढलेलं पाकीट उणे अठरा अंशांचं असतं; ते दहा मिनिटं ओट्यावर ठेवूनच अंगाला लावायचं. शिवाय आमचा फ्रीजर मटार आणि खवलेल्या खोबऱ्याने भरलेला. शेवटी पातेल्यात पाणी, त्यात बर्फ, त्यात पाकिटं. चाळीस मिनिटांत कडक. थिजवताना पाकीट सपाट ठेवायचं. दुमडलेलं थिजलं तर छातीवर पाटा बांधल्यासारखं होतं. पण एक संच थिजवायला किलोभर बर्फ जातोच. जाकीट जेवढा थंडावा देतं, तेवढा आधी कुणीतरी त्याला द्यावा लागतो. हा थंडावा आमच्या रात्रीच्या वीजबिलातून येतो आणि सकाळी वाड्यात खर्च होतो. दुसरा संच घेतला, आणखी 3,400. आता रात्री दोन्ही संच फ्रीजमध्ये जातात, भाजीच्या कप्प्यात. भाजी बाहेर.

एकदा रात्रभर ठेवूनही एक पाकीट सकाळी पातळच निघालं, हाताला चांगलं गार लागत होतं तरी. रागाने ओट्यावर आपटलं, तर एका कोपऱ्यापासून पांढरं होत होत माझ्या डोळ्यांदेखत घट्ट झालं, आणि चक्क आधीपेक्षा कमी गार लागलं. मिठाची ही खोड. थिजायची वेळ उलटून गेली तरी एखाद्या कणाची नाहीतर धक्क्याची वाट बघत पातळ बसून राहतं, आणि मग एकदम थिजतं, आतली उष्णता बाहेर टाकत. प्रॅक्टिकलच्या तासाला हायपो नावाचं मीठ असंच करायचं. काकूंना मी ते पुन्हा करून दाखवायला गेले तेव्हा अर्थातच झालं नाही.

डबे पोचवणाऱ्या मुलालाही जाकीट देऊन बघितलं. तो साडेअकराला निघतो. म्हात्रे पूल, नळ स्टॉप, कर्वेनगर, शेवटचा डबा वारज्याला. पाठीवर डब्यांची पिशवी आणि आत जाकीट, म्हणजे पाठीची पाकिटं कुणासाठी थंड होत होती ते देवाला माहीत. बहुतेक भाजीसाठी. त्याने ते दुसऱ्या दिवशी परत केलं आणि आपला जुना उपाय धरला: सुती पंचा भिजवून पिळायचा, गळ्याभोवती घ्यायचा, नळ स्टॉपला वाळला की बाटलीतलं पाणी ओतायचं. हसू नका. पाण्याचा एक ग्रॅम उडून जाताना अंगातून आणि हवेतून मिळून जेवढी उष्णता नेतो, तेवढीला बर्फाचे सात ग्रॅम लागतात. माझ्या जाकिटाचा अख्खा 1,600 ग्रॅमचा थंडावा म्हणजे सुमारे 120 ग्रॅम पाण्याची वाफ. अर्धा पेला! त्यातली थोडी थंडी वाऱ्यावर जाते, तरी एप्रिलमधल्या पुण्याची कोरडी हवा आणि गाडीचा वारा असताना ओल्या पंचाला तोड नाही. वाळ्याचे पडदे आणि माठ याच जोरावर चालत आले.

मग मी तरी पंचावर का भागवत नाही? कारण माझ्याकडे वारा नाही. पंखा बंद, तीन तवे, कुकरच्या शिट्ट्या, भाजीची वाफ. ओलं फडकं तिथे ओलंच राहतं. आणि मेच्या शेवटी वळवाचे दोन पाऊस झाले, हवा दमट झाली, तेव्हा डबेवाल्या मुलाचा पंचासुद्धा वारज्यापर्यंत ओलाच पोचायला लागला. एक दिवस दारात घुटमळत म्हणाला, "ताई, ते जाकीट आहे का रिकामं?" पिशवी पुढे अडकवायच्या अटीवर दिलं.

जाकिटाचा एक तोटा याच्याच पोटात आहे. ते घातलं की धडावरचा घाम उडायची वाट बंद. पाकिटं थिजलेली असेतो चालतं. ती वितळली की तुम्ही पॉलिस्टरची उबदार बंडी घालून तव्यापुढे उभ्या. "अजून थोडं गार आहे" म्हणत घालून राहायचा मोह होतो. काढा.

आता तक्रार. जूनमध्ये एका पाकिटात तळाला खडे आणि वर पाणी असं दिसायला लागलं. थिजवलं तर तळ घट्ट, वरचं पातळ. टिकायला लागलं जेमतेम अर्धा तास. मिठाच्या पाकिटांचा हा जुना रोग आहे. वितळताना मीठ पुरतं विरघळत नाही, जड भाग खाली बसतो आणि पुढच्या वेळी आपलं पाणी त्याला परत भेटत नाही. ग्लॉबरचं मीठ, जे 32.4 अंशांना वितळतं, याच खोडीबद्दल बदनाम आहे. तसं होऊ नये म्हणून कंपन्या त्यात घट्ट करणारं काहीतरी घालतात. माझ्या पाकिटात बहुधा हात आखडता घेतलेला. कागदावर "हजारो वेळा वापरा" छापलंय. माझं साठ-सत्तर वेळा झालं असेल. कंपनीला फोन केला, त्यांनी फोटो मागितले. पाठवले. मग बिल मागितलं. पाठवलं. मग पाकिटावरचा बॅच नंबर, जो पहिल्या पंधरवड्यातच घासून गेला होता. त्यानंतर फोन उचलणंच बंद. दुकानदार म्हणाला, "मॅडम, इंडस्ट्रीवाले कुणी तक्रार करत नाहीत." इंडस्ट्रीवाले पाकीट उजेडात धरून बघत नसतील. मी ते पाकीट कढत पाण्यात पूर्ण वितळवलं, कणकेसारखं दहा मिनिटं चांगलं मळलं आणि सपाट थिजवलं. तास भरतं आता. पूर्वीचं नाही.

धुण्याबद्दल: पाकिटं काढून हाताने धुवायचं, वाळायला दीड दिवस. फोडणीचा वास जात नाही.

पैशांचं म्हणाल तर जाकीट आणि दोन संच मिळून 10,600 झाले. एवढ्यात एक बरा कूलर आला असता, पण कूलर म्हणजे पुन्हा वारा आणि पुन्हा ज्योत. ज्यांच्याकडे वारा चालतो त्यांनी जाकिटाच्या नादी लागू नये. इस्त्रीवाल्याने मात्र जरूर बघावं, त्याच्याकडेही पंखा चालत नाही, कपडे उडतात. जवळ फ्रीज नसेल तर मात्र कुणीच घेऊ नये. चार वाजता पाकिटं कुठे थिजवणार?

आता पाऊस आहे, जाकीट खुंटीला आहे. पण ऑक्टोबरच्या उन्हात फराळाच्या ऑर्डरी लागतील, चकलीच्या दोन कढया सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि तेव्हा आम्ही पाच जणी असतो. काकूंनी काल आपणहून विचारलं, हलकं मिळतं का ते. हलकं मिळत नाही, हे त्यांना मी काट्यावर टीशर्ट आणि जाकीट शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्यांनी दोन्ही बघितली. म्हणाल्या, "मग पाठीची दोनच पाकिटं घालते. पुढचं मी सोसते."